हसन मिस्त्रीचे पाने आणि मुशीचं तेल

पनवेलात हसन मिस्त्री पान्यांची पिशवी खांद्याला लावून निघाला की त्याच्या मागून एखाददुसरं मांजर हटकून चालायचं. मशिदीच्या गल्लीतलं मांजर त्याला बाजारपेठेपर्यंत पोचवायचं, तिथून दुसरं पहारा घ्यायचं. पळस्प्याच्या नाक्यावर तो ट्रकखाली शिरला, तर बाहेर पिशवीशेजारी मांजर बसलेलंच. नवखा ड्रायव्हर विचारायचा, "मिस्त्री, पिशवीत मासळी आणलीय काय?" हसन ट्रकखालूनच ओरडायचा, "मासळी नाही, माझी अक्कल आहे त्यात. तिला वास येतो!"

पिशवीतल्या अकरा पान्यांना मुशीच्या तेलाचा वास यायचा हे खरंच होतं. मुशी म्हणजे तो समुद्रातला दाताळ, आडदांड मासा. त्याच्या काळजाचं तेल काढून खाडीकाठचे लोक होडीच्या लाकडाला चोळतात. वास असा, की एकदा सदऱ्याला लागला तर सदरा जाईल पण वास जाणार नाही. असलं तेल एका नावाजलेल्या मिस्त्रीने आपल्या हत्यारांना का लावावं? आणि पाने अकराच का? बारावा गेला कुठे? ही सगळी भानगड १९५८ सालच्या मार्गशीर्षातली. ती सांगायची तर आधी हसनच्या जिभेबद्दल सांगायला हवं, कारण झालं ते त्या जिभेपायीच.

कारागीर म्हणून हसन अव्वल, यात वाद नाही. लढाईच्या वर्षांत तो मुंबईच्या गोदीत होता. आगबोटींच्या इंजिनांच्या पोटात शिरून शिरून त्याचा एक खांदा कायमचा वाकला. गोदी सोडताना त्याच्या उस्तादाने स्वतःचे बारा पाने त्याच्या हातात दिले आणि म्हणाला, "बेटा, यंत्र खोटं बोलत नाही. बोलतो तो माणूस." पनवेलला परतल्यावर भाताच्या गिरण्या, विहिरींवरचे पंप, मालाचे ट्रक, सगळं हसनच्या हाताखालून जाऊ लागलं. त्याच्याकडे शिसवी लाकडाची एक हातभर काठी होती. तिचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, "दोन नंबरच्या पोटात दुखतंय." उघडून पाहावं, तर दुखणं दोन नंबरातच!

पण या गुणी माणसाला एक खोड होती. त्याचं कधीच चुकायचं नाही. एकदा गिरणीत शिडीवरून पडला, कंबर धरून उठला आणि पहिलं वाक्य काय, तर "शिडी कुठल्या गाढवाने लावली?" शिडी त्यानेच लावली होती. त्याची बायको बिल्कीस म्हणायची, "आमच्या घरी चूक येते ती शेजाऱ्यांचीच येते." वीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे दोन शब्द तिने नवऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. 'मला ठाऊक नाही, सांग' हेही नाही.

त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर भामाने आपल्या मचव्याला इंजिन बसवायचं ठरवलं. भामा खाडीपलीकडच्या गावची, मिठागरं आणि होड्या यांच्यातच सत्तरी गाठलेली. तिच्या सासऱ्याने बांधलेला 'सत्यवती' नावाचा मचवा पनवेल बंदरातून भात, भाजी, मडकी आणि उतारू घेऊन मोरा बंदराला जायचा. वारा असला तर जायचा, नसला तर खाडीतच डुलत बसायचा. रस्त्याने ट्रक धावू लागले आणि गिऱ्हाईक वाऱ्याची वाट बघेना. तेव्हा तिचा मुलगा आनंदा म्हणाला, "आये, आता इंजिन." म्हातारीने आठ दिवस विचार केला आणि म्हणाली, "बसव. पन हसन्यानंच बसवाला पायजे."

हसनने बसवलंही झोकात. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, मचव्याच्या पोटात लाकडी पाटांवर बोल्ट आवळून. ज्या दिवशी ते पहिल्यांदा 'टुक्-टुक्-टुक्' करत खाडीतून निघालं, त्या दिवशी काठावरचे बगळेसुद्धा उडून दुसऱ्या तीरावर जाऊन बसले. हसनची छाती अशी फुगली होती, की सदऱ्याचं बटण तुटतं की काय!

निघायच्या आधी त्याने मायलेकांना कामं वाटून दिली. इंजिनाच्या पोटात तेल घालायचं ते आनंदाने, डब्यातलं. पण ते तेल वरपर्यंत चढत नाही. वर, झाकणाखाली, इंजिनाचा श्वास चालतो. प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा, त्यांना व्हॉल्व्ह म्हणायचं. एक हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. त्यांना दाबून उघडणारे छोटे लोखंडी हात असतात, ते रॉकर. बंद करतात स्प्रिंगा. आनंदा विसरभोळा, म्हणून वरचं काम हसनने भामाकडे दिलं. झाकण उघडून तो म्हणाला, "भामाय, हे हात बघ. रोज सकाळी प्रत्येकाला चार थेंब तेल, म्हणजे खाली झडपेच्या दांडीलाही पोचतं. चुकवायचं नाही."

"नाय चुकवनार," भामा म्हणाली. आणि तिने चुकवलंही नाही.

वीस दिवस इंजिन असं चाललं, की दुधात साखर. एकविसाव्या दिवशी सकाळी हँडल मारमारून आनंदाचे हात गळाले, तरी इंजिन ढिम्म. हसन आला. तो स्वच्छतेचा भारी भोक्ता, त्यामुळे इंजिन उघडायचं तर आधी रॉकेल ओतून सगळं लख्ख धुवायचं, ही त्याची पद्धत. धुतलं, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, काढलं, व्हॉल्व्ह घासून पुन्हा पक्के बसवले, आणि इंजिन पहिल्या फटक्याला सुरू! "डिझेलात कचरा," हसनने निकाल दिला. "गाळून घालत जा, आनंदा."

पुढे बावीस दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा सकाळचीच वेळ. पुन्हा रॉकेल, पुन्हा धुणं. या खेपेला त्याने स्प्रिंगाही बदलल्या. इंजिन पुन्हा गाऊ लागलं. "माल जास्त भरतोस तू," त्याने आनंदाला झापलं. आनंदा बिचारा मान खाली घालून उभा राहिला.

पण बंदरावर झकेरियाचं चहाचं दुकान होतं, आणि झकेरिया हा हसनचा लहानपणापासूनचा दोस्त. म्हणजे दुश्मनाची गरजच नाही! चहा गाळता गाळता तो भर गर्दीत म्हणाला, "काय रे हसन, तुझं इंजिन दर महिन्याला उपासाला बसतं का?"

बंदर खो खो हसलं. हसनच्या डोक्यात तिडीक गेली. जिभेला हाड नसतंच, त्या दिवशी तर लगामही उरला नाही. खांद्यावरची पिशवी उंच धरून तो गरजला, "ऐका सगळे! अल्लाकसम, हे इंजिन तिसऱ्यांदा बंद पडलं ना, तर उस्तादाचे हे बाराच्या बारा पाने ह्या खाडीत फेकीन! इथेच उभा राहून!"

तीस माणसांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत तीनशेंना ठाऊक झालं. बिल्कीसला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने पिठाचाच हात कपाळावर मारून घेतला आणि म्हणाली, "तौबा! पाने फेकून खायचं काय, खाडीतला चिखल?"

आणि एकोणिसाव्या दिवशी सकाळी आनंदा दारात उभा! थंडीने दात वाजत होते त्याचे. "हसनभाय," तो खालच्या आवाजात म्हणाला, "बंद पडलं."

हसनने आधी पिशवीकडे पाहिलं. काळजी कोण काय म्हणेल याची नव्हती, पान्यांची होती. ते पाने म्हणजे उस्तादाचा हात होता. रात्री-बेरात्री अडलेल्या ट्रकवाल्यांची, गिरणीवाल्यांची त्याच्यावर जी भिस्त होती, ती त्या बारा लोखंडांवर उभी होती. पण कसम भर बंदरावर घेतलेली. त्याने निमूटपणे पिशवी घेतली, काठी घेतली आणि सवयीने रॉकेलचा डबा उचलला. तो डबा बिल्कीसने दुसऱ्या बाजूने धरला.

"सोडा. माझ्या स्टोव्हचं रॉकेल आहे ते. दोन वेळा नेलंत, दोन्ही वेळा मी चुलीपुढे धूर खाल्ला."

"अगं, इंजिन धुवायला..."

"हकीम आजाऱ्याची आधी नाडी बघतो, का आधी त्याला आंघोळ घालतो?" बिल्कीसने डबा हिसकून घेतला आणि आत निघून गेली.

हसन तणतणत निघाला. 'बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं!' पण गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत त्याची चाल मंदावली होती.

बंदरावर ही जत्रा! इंजिनाची कोणाला पडली होती? सगळे आले होते ते पाने कसे उडतात हे पाहायला. जागा धरून बसले होते लोक. झकेरियाने दुधाची दुसरी चरवी मागवली होती. भरती चढत होती आणि सत्यवतीत भात आणि मोऱ्याचे उतारू बसलेले होते. नऊ-साडेनऊला पाणी फिरणार. त्याआधी इंजिन चालू झालं नाही, तर ओहोटीत मचवा चिखलात रुतून दिवसभर बसणार. भामा नाळेशी, मचव्याच्या पुढच्या टोकाशी, उभी होती आणि एकटक हसनकडे बघत होती.

हसन मचव्यात उतरला. हँडल धरलं आणि हळूहळू फिरवलं. पहिल्या सिलिंडरला हाताला कसं जड लागलं, निरोगी छाती फुगावी तसं. दुसऱ्याला? काहीच नाही! हँडल पिसासारखं फिरलं. "हवा कोंडत नाही," तो स्वतःशी पुटपुटला. "मग जाते कुठे?" आनंदाला हँडल फिरवायला लावून तो पाठीमागे धावला आणि धुराच्या नळावर तळहात ठेवला. फुस्स! पुन्हा फिरव. फुस्स! चोर सापडला नव्हता, पण कुठल्या खोलीत लपलाय ते कळलं होतं. दुसऱ्या सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह उघडाच राहत होता.

वरचं झाकण काढलं. त्या व्हॉल्व्हचा रॉकर खुळखुळत होता आणि त्याला खालून ढकलणारी सळई, म्हणजे पुशरॉड, जागा सोडून कलली होती. हसनने ती उपसली आणि धावत झकेरियाच्या दुकानात गेला. टेबलावरचे चहाचे पेले बाजूला सारून त्याने ती टेबलाच्या काचेवर घरंगळत सोडली. सळई लंगडत गेली.

"वाकलीय!" झकेरिया कौतुकाने ओरडला.

"कोणीतरी वाकवलीय," हसन म्हणाला आणि परत पळाला.

आता त्याने व्हॉल्व्हच्या माथ्यावर लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं. व्हॉल्व्ह खाली गेला. नवी कोरी स्प्रिंग त्याला वर ढकलत होती, आणि तो येत होता पावसात फुगलेल्या दारासारखा, अडत, कुरकुरत. दांडी चिकटत होती, आणि तिला ढकलता ढकलता सळई वाकली होती! सवयीने हसनचा हात रॉकेलच्या डब्याकडे गेला. डबा नव्हता.

आणि तिथेच त्याच्या डोक्यात लखकन् उजेड पडला. आधी आंघोळ! दोन्ही वेळा त्याने आधी आंघोळ घातली होती. जे काही चिकटलं होतं ते स्वतःच्या हाताने धुऊन टाकलं आणि मग स्वच्छ लोखंडात आजार शोधत बसला. म्हणूनच तर इंजिन धुतलं की चालायचं! म्हणूनच अडायचं ते सकाळी थंडीत, आणि एकदा तापलं की दिवसभर चालायचं! त्याला नाचावंसं वाटलं.

त्याने नखाने दांडी खरवडली. तपकिरी, पारदर्शक, सुकलेल्या डिंकासारखी खपली निघाली. नाकाशी नेली, पण त्या मचव्यात सगळ्यालाच तो वास, काय कळणार! मग काडी ओढून त्याने खपली जाळली. चुर्र झालं आणि असा भपकारा सुटला, की जवळच्या उतारूने नाकाला फडकं लावलं.

"मुशी!" हसन ओरडला. "मुशीचं तेल आहे हे! गरम लोखंडावर पडून सुकलंय, आणि गोंद झालाय त्याचा! आनंदा, कोण घालतं हे तेल इथे?"

आनंदाने दोन्ही हात वर केले. तेवढ्यात नाळेवरून भामा पुढे आली, आणि तिच्या तोंडावर केवढा अभिमान!

"मी घालते. रोज सकाळी, दिवा लावाच्या आदी. चार थेंब ह्या हाताला, चार त्या हाताला. येक दिवस चुकवला नाय." तिने पदराखालून पितळेची लहानशी वाटी काढून दाखवली.

"पण डब्यातलं तेल होतं ना, आये!" आनंदाचा आवाज चढला.

"ता काला? गटारासारखा दिसतो. लक्षुमीच्या माथ्यावर असला घालतात काय? तुझ्या आज्यानं ही सत्यवती बांधली, तवापासून हेच तेल लावतो आमी. चालीस वरसां झाली, येक फली कुजली नाय. लाकडाला चालतं, तं लोखंडाला का नाय?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग दुसरं. "म्हातारीनं इंजिनाला मुशी पाजली!" हशाची लाट काठावरून फिरली. भामा गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली. काय चुकलं हे तिला कळत नव्हतं, पण चुकलंय एवढं लोकांच्या दातांवरून कळलं. तिने वाटी पुन्हा पदराखाली घेतली.

हसनला मात्र आपलाच आवाज ऐकू येत होता. 'प्रत्येकाला चार थेंब तेल.' कुठलं तेल? ते तो बोललाच नव्हता. डबा आनंदाला दाखवला, म्हातारीला नाही. जन्मभर जिच्या घरात तेल म्हणजे मुशीचं, तिने दुसरं काय घालायचं होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा! डिझेल गाळलं, माल कमी केला, स्प्रिंगा बदलल्या, आणि रोग तर त्याच्या स्वतःच्या तोंडून निघालेला.

"गप बसा सगळे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आधी काम. झकेरिया, तुझ्या स्टोव्हचं रॉकेल दे. आता आंघोळीची वेळ झाली."

मग जे सुरू झालं ते बंदराने पुढे कित्येक वर्षं सांगितलं. बारा पाने फळीवर ओळीने मांडले होते आणि हसन न बघता हात लांबवायचा, तो नेमका हवा तोच हातात यायचा. नट सुटले. हेड उचललं. चिकटलेला व्हॉल्व्ह लाकडाने ठोकून बाहेर काढला. लोखंडाला ओरखडा नको म्हणून बांबूच्या कामटीने दांडी खरवडली, ती ज्या भोकातून सरकते ते भोक काठीला चिंधी गुंडाळून रॉकेलने पुसून काढलं. मग व्हॉल्व्ह नुसता सोडून पाहिला. सुळ्ळकन गेला! चारही व्हॉल्व्ह तसेच केले. वाकलेली सळई फळीवर ठेवून ठोकली, झकेरियाच्या काचेवर सोडली, पुन्हा ठोकली, पुन्हा सोडली. तिसऱ्या खेपेला ती सरळ घरंगळत गेली आणि झकेरियाने आपल्या बाजूने ती झेलली. पेले पुसायचं सोडून तो आता घामाघूम होऊन मदतीला लागला होता.

"पाणी थांबलं रे!" नाळेवरून कोणीतरी ओरडलं. भरती पुरी झाली होती. आता कुठल्याही क्षणी खाडी उलटी वाहायला लागणार.

हेड बसलं. नट आवळले. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यात पत्र्याची पातळ पट्टी जेमतेम सरकेल एवढी फट ठेवली, चारही ठिकाणी, घाई असूनही दोनदा तपासून. डब्यातल्या काळ्या तेलाचे थेंब रॉकरवर सोडले. मग हसनने आनंदाला बाजूला केलं आणि हँडल स्वतः धरलं. एक फेरा. दोन. दोन्ही सिलिंडर जड! तिसऱ्याला त्याने अंगातलं सगळं बळ घातलं.

टुक्. टुक्. टुक्-टुक्-टुक्-टुक्!

काय आरडाओरडा झाला! उतारूंनी टाळ्या पिटल्या. झकेरियाने खांद्यावरचं फडकं हवेत उडवलं. हसनने काठी कानाला लावून डोळे मिटले. दोन्ही छात्या एका तालात धडधडत होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने धुराच्या नावावर पुसलं.

"सुटलास, हसन!" झकेरिया पाठीवर थाप मारत म्हणाला. "इंजिन तुझ्यामुळे नाही, म्हातारीमुळे बंद पडलं. पाने घरी ने!"

"म्हातारीचीच करामत!" लोक म्हणाले. आनंदाला आता दोन महिन्यांची बोलणी आठवली असावीत. तो भामाकडे वळला आणि तिच्या पदराखालची वाटी ओढून घेत म्हणाला, "आता इंजिनाच्या जवल आलीस तं बघ! भर बंदरात शोभा केलीस!" आणि त्याने वाटी फेकायला हात उगारला. चाळीस वर्षं मचवा जिवंत ठेवणारी ती बाई एवढीशी होऊन उभी राहिली.

"आनंदा!" हसनची हाक अशी आली, की इंजिनाच्या आवाजावरूनही सगळ्यांना ऐकू गेली. "वाटी दे तिची."

तो फळीवर चढला. हातात पिशवी होती.

"कसम काय होती? तिसऱ्यांदा बंद पडलं तर. पडलं का नाही बंद? म्हातारीला मी सांगितलं चार थेंब घाल. तिने घातले. कुठलं तेल, ते मी सांगितलं नाही. पुढे दोनदा इंजिन उघडलं, दोनदा बघण्याआधीच धुतलं, आणि दोष दिला तुला, आनंदा. डिझेलाला दिला. सगळ्या दुनियेला दिला." पुढचं वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालेलंच नव्हतं, त्यामुळे ते निघताना अडलं. "माझं चुकलं. भामायचं नाही. माझं."

लोकांना वाटलं, संपलं. पण हसनला आपलं गाव चांगलं ठाऊक होतं. पाने घरी गेले असते, तर उद्या सकाळी चहाबरोबर गोष्ट निघणार होती ती म्हातारीने इंजिनाला पाजलेल्या मुशीची, आणि भामा मरेपर्यंत ती तिला पुरणार होती. पाने खाडीत गेले, तर गोष्ट हसनची होणार होती. त्याने पिशवीत हात घातला.

"अरे वेड्या..." झकेरिया पुढे झाला, तोवर पहिला पाना उन्हात चमकून पाण्यात गेला होता. डुबुक. दुसरा. तिसरा. कोणी हसलं नाही. बारावा फेकताना हसनचा हात थोडा थांबला, मग तोही गेला. रिकामी पिशवी खांद्यावर टाकून तो फळीवरून उतरला आणि मागे न बघता चालू लागला. आनंदाने वाटी आईच्या हातात दिली, ती काठावर उतरली आणि त्याने सुकाणू धरलं. सत्यवती फिरत्या पाण्याबरोबर मोऱ्याकडे निघाली.

घरी हसन भिंतीला टेकून बसला. हातांचं काय करावं हे त्याला कळेना. बिल्कीसला सगळं आधीच कळलं होतं. ती दोनदा काहीतरी बोलायला आली आणि दोन्ही वेळा चहा ठेवून गेली.

ऊन कललं तेव्हा दारात सावली पडली. भामा होती. कमरेपर्यंत खाडीच्या चिखलाने माखलेली, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, डोक्यावर टोपली. जन्मभर ओहोटीच्या चिखलात पायांनी निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, हुडकणारी बाई ती. पाणी उतरल्याबरोबर एकटी खाडीत उतरली होती. टोपली तिने हसनपुढे ठेवली आणि वरचं फडकं बाजूला केलं.

"बारा टाकलेस तू. मी मोजले व्हते. अकरा गावले, येक नाय गावला. उद्याच्या ओहोटीला परत उतरते."

हसनने एक पाना उचलला. धुतलेला, पुसलेला, आणि वास असा की बिल्कीस दारातच थबकली. "राहू दे, भामाय," तो कसाबसा म्हणाला. "तो एक खाडीचा."

"खारा पानी लागलं व्हतं लोखंडाला. गोड्या पान्यानं धुतले, आनि तेल लावलं." भामा अडखळली. सकाळचा हशा अजून तिच्या कानांत असावा. "मुशीचं. हितं चालतं ना रं, हसना?"

"चालतं," हसन म्हणाला. "गंज धरायचा नसेल तर ह्याच्यासारखं दुसरं तेल नाही, भामाय." आणि मग त्याने विचारलं, "किती दिवसांनी लावायचं? मला ठाऊक नाही. सांग."

बिल्कीसने पदर तोंडावर धरला.

"दर अवसेला," भामा म्हणाली. जायला वळली, आणि काय वाटलं कोण जाणे, परत फिरली. खाली बसून तिने पदराखालची पितळेची वाटी काढली, हसनचा हात धरला आणि त्याचं बोट तेलात बुडवलं.

"हे तेल. ह्या वाटीतलं. नीट बघून ठेव, मंग म्हनशील सांगितलं नाय."

"जी," हसन म्हणाला. तोवर गल्लीतलं मांजर उंबऱ्यावर येऊन बसलं होतं.